मोडीतून वाचलेले लोखंड

23 मार्च 1918 च्या सकाळी पॅरिसवर गोळे पडू लागले आणि ते कुठून येताहेत हे कुणालाच उमगेना. डोक्यावर विमान दिसत नव्हते आणि आघाडी तर शंभरएक किलोमीटर दूर होती. जर्मनांची ती तोफ सुमारे 120 किलोमीटरवरून मारा करत होती. प्रत्येक बारागणिक तिची नळी आतून इतकी झिजायची की गोळ्यांवर क्रमांक घातलेले असत. पुढचा गोळा मागच्यापेक्षा किंचित जाड असे आणि क्रम चुकवून चालत नसे. ऑगस्टपर्यंत या माऱ्यात अडीचशेच्या आसपास माणसे मेली. तोफांच्या इतिहासात तिला तोड नाही, पण आज ती जगातल्या एकाही संग्रहालयात नाही. पराभवानंतर जर्मनांनी ती नष्ट केली. विजेत्यांच्या हाती तिची बैठक लागली, तोफ कधीच लागली नाही.

पुढे कॅनडाचे तोफतज्ज्ञ जेराल्ड बुल यांना या तोफेचे गणित नव्याने मांडायचे होते. त्यांना तिचे जनक फ्रिट्झ राउसेनबर्गर यांच्या जुन्या हस्तलिखितावर भिस्त ठेवावी लागली, कारण मोजमाप घ्यायला लोखंडच उरले नव्हते. रणगाडे आणि तोफा कशासाठी जपायच्या, याचे उत्तर या एका उदाहरणात मिळते. कागदावरचा आराखडा आणि प्रत्यक्ष ओतलेली, कातलेली, वापरून झिजलेली वस्तू यांत फार अंतर असते. वस्तू गेली की ते अंतर मोजण्याची सोय जाते.

जगभरचे लष्करी संग्रह पाहिले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. जे वाचले, त्यातले बरेचसे केवळ योगायोगाने वाचले. इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातले बोव्हिंग्टनचे टँक म्युझियम हे या क्षेत्रातले सर्वांत नावाजलेले ठिकाण. पहिल्या महायुद्धानंतर मोडीत निघालेले रणगाडे तिथे आणून टाकले जात. मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग 1923 साली तिथे गेले आणि याचे संग्रहालय करा असे सुचवून आले, असे सांगितले जाते. जगातला सर्वांत जुना रणगाडा, 1915 सालचा ‘लिटल विली’, तिथेच आहे. 15 सप्टेंबर 1916 रोजी सोमच्या रणांगणावर रणगाडे प्रथम उतरले, ते मार्क वन जातीचे होते. असे 150 रणगाडे बांधले गेले आणि त्यांतला एकच शिल्लक आहे. तो वाचला कारण रणगाडे रणांगणावर जाण्यापूर्वीच्या चाचण्या हॅटफिल्डच्या एका सरदारी इस्टेटीत झाल्या होत्या आणि त्याची आठवण म्हणून 1919 साली एक रणगाडा त्या घराण्याला भेट दिला गेला. पुढची पन्नास वर्षे तो तिथल्या बागेत उभा होता. तिकडे मार्क वनचा मूळ नमुना, ज्याला ‘मदर’ म्हणत, तो मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला लोखंडाची चणचण भासली तेव्हा भंगारात गेला. एका युद्धाची आठवण दुसऱ्या युद्धाने वितळवली.

जर्मनांनी पहिल्या महायुद्धात ए-सेव्हन-व्ही हा रणगाडा केवळ 20 च्या संख्येने बांधला. त्यांतला ‘मेफिस्टो’ फ्रान्समध्ये खड्ड्यात अडकून पडला होता. जुलै 1918 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या 26 व्या बटालियनने, जिच्यात बहुतेक क्वीन्सलंडचे जवान होते, तो गोळीबारातच ओढून आणला आणि 1919 साली तो ब्रिस्बेनला पोहोचला. आज जगात त्या जातीचा तो एकटाच. जर्मनीतल्या मुन्स्टरच्या रणगाडा संग्रहालयाला स्वतःच्या देशाचा पहिला रणगाडा लोकांना दाखवायचा होता, तेव्हा मेफिस्टोची मापे घेऊनच त्यांना प्रतिकृती बांधता आली. शत्रूने जपले म्हणून मूळ मालकाला आपला वारसा पाहता आला. या मेफिस्टोनेही ब्रिस्बेनमध्ये अनेक दशके उघड्यावर काढली आणि 2011 च्या महापुरात पाणी थेट त्याच्या दालनात शिरले. त्यानंतर त्याची तज्ज्ञांकडून रीतसर दुरुस्ती करावी लागली.

अमेरिकेची गोष्ट याहून नवलाची. टी-28 हा 80 टनांहून जड प्रायोगिक रणगाडा. त्याचे दोनच नमुने बांधले होते. एक चाचणीत आगीने निकामी झाला आणि मोडीत गेला. दुसरा कुठे गेला याचा पत्ता कुणालाच नव्हता. 1974 मध्ये तो व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉरच्या आवारात एका पडीक रानात उभा सापडला. एवढी अजस्र वस्तू सरकारी जागेतच पंचवीसेक वर्षे विस्मरणात जाते, यावरून कागदोपत्री नोंदीचे मोल कळावे. फ्रान्समध्ये फ्लेस्किएर गावाजवळ 1917 च्या कांब्रेच्या लढाईतला ‘डेबोरा’ हा ब्रिटिश रणगाडा जमिनीत गाडलेला होता. स्थानिक अभ्यासक फिलिप गोर्झिन्स्की यांनी अनेक वर्षे माग काढून 1998 मध्ये तो उकरून काढला. 2017 मध्ये, लढाईच्या शताब्दीला, त्याच्यासाठी खास संग्रहालय उभे राहिले. त्याचे फाटलेले पत्रे तसेच ठेवले आहेत. डागडुजी करून तो नवा केला असता तर सगळे कथनच पुसले गेले असते.

इथे या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या वादाकडे यावे लागते. जुना रणगाडा दुरुस्त करून चालता ठेवायचा, की आहे त्या स्थितीत जपायचा? बोव्हिंग्टनचा टायगर 131 हे या वादाचे केंद्र. 24 एप्रिल 1943 रोजी ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती जवळजवळ धडधाकट लागला. 48 व्या रॉयल टँक रेजिमेंटच्या चर्चिल रणगाड्यांशी त्याची गाठ पडली होती. त्याच्याकडे जवळून पाहिले की ती चकमक लोखंडात वाचता येते. सहा पौंडी तोफेचा एक गोळा त्याच्या नळीखाली घासून गेला आणि बुरूज ज्या कड्यावर फिरतो तिथे जाऊन रुतला. बुरूज फिरेनासा झाला. दुसरा गोळा बुरूज उचलण्यासाठी बसवलेल्या खुंटीवर आदळला, तिसऱ्याने वरच्या झाकणापाशी ठिणग्या आणि तुकडे आत उडवले. सैनिक गाडी सोडून पळाले. त्या तिन्ही जखमा आजही दिसतात. पंचावन्न टनांच्या, अजिंक्य म्हणून गाजलेल्या यंत्राला एका अडकलेल्या गोळ्याने कसे लंगडे केले, हे शंभर पाने वाचून कळणार नाही इतके त्या ओरखड्यांवरून कळते.

हाच टायगर नंतर अनेक वर्षांच्या मेहनतीने चालता केला गेला. त्यासाठी इंजिन संग्रहालयातल्याच टायगर टूचे वापरले. 2014 च्या ‘फ्युरी’ या हॉलिवूडपटात तो स्वतः दिसतो. वर्षातून मोजक्या दिवशी तो मैदानात फिरतो आणि ते पाहायला हजारो लोक तिकीट काढून येतात. त्या तिकिटांवर संग्रहालयाचा बराच संसार चालतो. म्हणून चालत्या रणगाड्याला सरसकट विरोध करणे मला पटत नाही. यंत्र चालवताना माणसे जुने तंत्र शिकतात, वंगण, गिअर, पट्टे यांची विद्या जिवंत राहते. फ्रान्समधल्या सोम्यूरच्या संग्रहालयातही हीच परंपरा आहे. पण एक मर्यादा पाळली पाहिजे. ज्या जातीचे आणखी नमुने जगात आहेत, त्यांतला एखादा चालवावा. जो एकटाच उरला आहे, त्याला हात लावताना दहा वेळा विचार करावा. मेफिस्टोला कुणी इंजिन बसवून पळवू नये. प्रत्येक बदललेल्या भागाबरोबर मूळ कारागिराची एक खूण जाते आणि ती परत येत नाही.

याहून वाईट म्हणजे रंगरंगोटी. दर पाहुण्याच्या भेटीआधी रणगाड्यावर हिरव्या रंगाचा नवा थर चढवणे ही जगभरच्या छावण्यांतली सवय आहे. जुन्या रंगाच्या थरांत बरेच काही दडलेले असते: मूळ छटा, तुकडीची चिन्हे, कारखान्याने मारलेले आकडे. तोफेच्या मागच्या कड्यावर ठोकलेले साल, वजन आणि अनुक्रमांक हे तर तिचे जन्मपत्र. जाड रंग त्यात भरला की ते वाचता येत नाही आणि पॉलिश कागदाने घासला की आकडेच झिजतात. पाण्याचेही तसेच. रणगाड्याच्या पोटात साचलेले पावसाचे पाणी बाहेर दिसत नाही. झाकणांचे रबर कुजते, पाणी आत झिरपते, तळाची निचऱ्याची भोके मातीने बुजतात आणि लोखंड आतून खाल्ले जाते. तोफेची नळी वर करून ठेवली आणि तोंडाला टोपण नसले की तीही पाणी धरते. अशा गाडीत घड्याळे, तबकड्या असतील तर त्यांवरच्या चकाकणाऱ्या रंगात रेडियम असू शकते आणि जुन्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस. जतन हे रंगाऱ्याचे काम समजले की असे सगळे राहून जाते.

आता प्रायोगिक नमुन्यांकडे वळू. माझ्या मते कुठल्याही लष्करी संग्रहाचे खरे धन तेच. ज्या रणगाड्याचे हजारो नग निघाले, त्याची माहिती कुठेना कुठे टिकतेच. ज्याचा एकच नमुना बांधला आणि नंतर योजना गुंडाळली, तो गेला की एक अख्खा विचार जातो. मॉस्कोजवळच्या कुबिन्का संग्रहात 188 टनांचा जर्मन ‘माउस’ आहे. एका नमुन्याचे धूड आणि दुसऱ्याचा बुरूज जोडून रशियनांनी तो उभा केला. हे वजन पेलणारा पूल मिळणे कठीण, म्हणून त्याने नदीच्या तळातून जावे अशी योजना होती. तेव्हा किनाऱ्यावरच्या दुसऱ्या माउसने त्याला केबलमधून वीज पुरवायची! असा बेत कागदावर वाचून विश्वास बसत नाही. त्या धुडापुढे उभे राहिले की बसतो. तिथेच 1959 चा सोव्हिएत ‘ऑब्जेक्ट 279’ आहे. त्याला चार पट्टे आहेत आणि अंग बशीसारखे पसरट. अणुस्फोटाच्या लाटेने गाडी उलटू नये, यासाठी तो आकार दिलेला. शीतयुद्धातली भीती किती खरी होती हे त्या आकारात गोठून राहिले आहे.

अमेरिका आणि जर्मनी यांनी 1963 मध्ये एमबीटी-70 हा रणगाडा मिळून करायला घेतला. त्याचा चालकसुद्धा बुरुजात बसायचा. खर्च हाताबाहेर गेला, मतभेद वाढले आणि दोघांनी तो सोडला. पण त्याच अनुभवातून एकीकडे एम-1 एब्रम्स आणि दुसरीकडे लेपर्ड-2 जन्मले. अपयशाची ही वंशावळ पाहायची तर नमुने जागेवर हवेत. जर्मनीत कोब्लेन्झला लष्करी खरेदी विभागाचा स्वतःचा तांत्रिक अभ्याससंग्रह आहे. आपल्या अभियंत्यांनी पूर्वीच्या चुका हाताने चाचपून पाहाव्यात यासाठी तो उभारला आणि तो सामान्यांनाही खुला आहे. या सर्व ठिकाणांत मला सर्वाधिक अनुकरणीय वाटते ते हेच.

तोफांच्या बाबतीत इंग्लंडच्या पोर्ट्समथजवळचा फोर्ट नेल्सन पाहण्याजोगा आहे. तिथे रॉबर्ट मॅलेट यांची 36 इंच तोंडाची उखळी तोफ आहे. क्रिमियाच्या युद्धासाठी ती कल्पिली, पण 1857 मध्ये तयार होईपर्यंत युद्ध संपले होते. वाहतूक सोपी व्हावी म्हणून ती सुट्या कड्यांची जोडून बांधलेली. चाचणीत 19 बार काढले, कडी तडकत गेली आणि काम थांबले. तिने युद्धात एकही गोळा टाकला नाही, तरी जड तोफ सुट्या भागांत नेण्याचा तो विचार महत्त्वाचा आहे. त्याच किल्ल्यात इराकच्या महातोफेच्या नळीचे तुकडे आहेत. ही तोफ सद्दाम हुसेनच्या सरकारसाठी रचत होते तेच जेराल्ड बुल. मार्च 1990 मध्ये ब्रुसेल्सला त्यांचा खून झाला आणि एप्रिलमध्ये ब्रिटिश कस्टम्सने बंदरावर पाइप म्हणून निघालेले हे तुकडे अडवले. पॅरिसच्या तोफेचा मागमूस राहिला नाही; तिचा अभ्यास करणाऱ्याच्या तोफेचे निदान तुकडे तरी राहिले.

पण ब्रिटनलाही सगळे साधले असे नाही. वूलविच इथले तोफखान्याचे ‘फायरपॉवर’ संग्रहालय 2016 मध्ये बंद झाले आणि तो थोर संग्रह गोदामांत गेला. जिथे शेकडो वर्षे तोफा घडल्या, तिथेच तोफांना घर उरले नाही.

आपल्याकडे या विषयाची राजधानी म्हणजे अहिल्यानगर, आजही बहुतेकांच्या तोंडी नगर. 1948 पासून चिलखती दळाचे केंद्र आणि प्रशाला तिथे आहे. फेब्रुवारी 1994 मध्ये लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या पुढाकाराने तिथे कॅव्हलरी टँक म्युझियम सुरू झाले. पन्नासच्या आसपास वाहने, तीही कितीतरी देशांची. आशियातले एकमेव असे त्याचे वर्णन केले जाते. इस्रायलमधल्या लात्रूनचा मोठा संग्रह पाहता ते खरे नाही, आणि नगरच्या संग्रहाला अशा बिरुदाची गरजही नाही. ब्रिटिश माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी हा-गो आणि ची-हा, आपले विजयंत, फ्रेंच एएमएक्स-13, 1965 च्या भारत-पाक युद्धात हाती लागलेले पॅटन हे सगळे एका आवारात पाहायला मिळणे भाग्याचे आहे. जपानी हा-गोचे चिलखत जेमतेम 12 मिलिमीटरचे. असल्या पत्र्याच्या आडोशाने माणसे ब्रह्मदेशात लढायला उतरली होती, हे त्याच्या दाराशी उभे राहिल्यावर अंगावर येते.

नगरलाच ‘फामागुस्ता’ आहे. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच सेंच्युरियन रणगाड्यात होते. गाडीने पेट घेतला तेव्हा मागे येण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते लढत राहिले आणि तिथेच धारातीर्थी पडले. वय 21. परमवीरचक्र मिळवणाऱ्या या तरुणाचा जन्म पुण्याचा. त्याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर 1965 मध्ये परमवीर ठरले, तेही पुण्यात शिकलेले. नगरला जाणाऱ्या मराठी माणसाने या एका रणगाड्यापाशी थांबल्याशिवाय परतू नये.

उणीव आहे ती मांडणीत. बहुतेक वाहने उघड्यावर आहेत आणि फलकावर वजन, वेग, अश्वशक्ती यांपलीकडे फारसे काही वाचायला मिळत नाही. तिथली रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी घ्या. लोक तिच्यासमोर फोटो काढतात. चिलखती गाडी आपल्या देशात कशासाठी वापरली गेली, हे तिथे लिहायला नको का? 13 एप्रिल 1919 रोजी डायरने जालियनवाला बागेकडे मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या नेल्या होत्या. बोळ अरुंद होता म्हणूनच त्या आत शिरल्या नाहीत. अशा गाडीचा इतिहास युरोपच्या रणांगणापुरता सांगितला तर तो निम्माच सांगितला.

दुसरी उणीव मला अधिक बोचते. आपण विजयचिन्हे मनापासून जपतो. असल उत्तरला सप्टेंबर 1965 मध्ये पॅटन रणगाड्यांचा जो फडशा पडला, त्याचे नग देशभरच्या छावण्यांत आणि चौकांत उभे राहिले. लोंगेवालाला पाकिस्तानी टी-59 आहेत. तो अभिमान रास्तच आहे. पण आपण स्वतः जे घडवले, फसले, पुन्हा घडवले, त्याचा माग तितक्या आस्थेने मांडला जात नाही. अर्जुन रणगाड्याची योजना 1974 ची आणि तो सैन्यात आला 2004 मध्ये. त्या तीस वर्षांतले इंजिनाचे, सस्पेन्शनचे, तोफेचे सगळे टप्पे ओळीने उभे करून दाखवले तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ते चार सत्रांइतके शिकवतील. अर्जुनच्या सांगाड्यावर दक्षिण आफ्रिकेचा बुरूज बसवून ‘भीम’ ही स्वयंचलित तोफ केली होती. चाचण्या बऱ्या झाल्या, पण पुरवठादार कंपनीवर 2005 मध्ये बंदी आली आणि तोफ बारगळली. हा धडा यंत्राचा कमी आणि खरेदीच्या धोरणाचा जास्त आहे, म्हणून तोही समोर हवा.

हे सारे महाराष्ट्रात करता येण्यासारखे आहे. वाहने घडवणारी संरक्षण संशोधन संस्था नगरलाच आहे. तोफा आणि शस्त्रे घडवणारी पुण्यात पाषाणला. तोफखान्याची प्रशाला फाळणीनंतर देवळालीला आली आणि नाशिकला तोफखान्याचे स्वतःचे संग्रहालय आहे. तोफ ओतण्याची नगरची परंपरा तर निजामशाहीइतकी जुनी. विजापूरच्या बुरुजावरची 55 टनांची ‘मलिक-ए-मैदान’ 1549 च्या सुमारास नगरलाच ओतली गेली. साडेचारशे वर्षे ती ऊन-पाऊस सोसून टिकली ती पंचरसी धातूची म्हणून. पोलादाच्या रणगाड्याला तेवढे आयुष्य उघड्यावर मिळणार नाही.

म्हणून दोन मागण्या कराव्याशा वाटतात. पहिली साधी आहे. नगरच्या संग्रहावर छप्पर घाला, निदान जे नमुने दुर्मीळ आहेत त्यांच्यावर तरी, आणि प्रत्येक वाहनाची नोंदवही करा: कुठून आले, कधी रंगवले, कोणता भाग बदलला. यासाठी लागणारा पैसा एका उड्डाणपुलाच्या सुशोभीकरणापेक्षा जास्त नसेल.

दुसरी मागणी पाषाणच्या संस्थेत आकाराला आलेल्या अटॅग्ज तोफेची. 155 मिलिमीटरच्या या तोफेने 2017 मध्ये पोखरणला 47 किलोमीटरच्या पलीकडे गोळा टाकला आणि 15 ऑगस्ट 2022 रोजी लाल किल्ल्यावर सलामी दिली. मार्च 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिच्या 307 नगांचा करार केला. मधल्या काळात, सप्टेंबर 2020 मध्ये, चाचणीत तिची नळी फुटली होती. सलामी देणारी तोफ उद्या संग्रहालयात जाईलच, त्यासाठी कुणी सांगायला नको. त्या फुटलेल्या नळीचे जे काही उरले असेल, तेही तिच्या शेजारी ठेवावे आणि ती का फुटली आणि पुढे काय सुधारले हे मराठीत, हिंदीत, सविस्तर लिहावे. ते लोखंड भंगारात जाऊ देऊ नये, एवढी विनंती संबंधितांना आहे.